३३ मिनिटांची कॉपी, ७ मिनिटांची बॅटरी

गेल्या मे महिन्यात मी आत्याकडे दहिवडीला गेले, ते एक साधं काम डोक्यात ठेवून. तिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये ६२ कॅसेटींचं रेकॉर्डिंग आहे, ते माझ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचं. तासाभराचं काम, मग आमरस, मग झोप, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात अडीच दिवस गेले.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. नव्वदच्या दशकात शाळा सुटली की टेपरेकॉर्डर घेऊन ती माण तालुक्यातल्या गावांत जायची आणि जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या बायकांना गाती करायची. महाराष्ट्रात ओव्यांचं फार मोठं काम झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यामानाने आत्याचं काम मूठभर, आणि त्यामागे कुठली संस्थाही नाही. २०१० मध्ये माझ्या आतेभावाने त्या सगळ्या कॅसेटी वर्षभर आधी घेतलेल्या लॅपटॉपमध्ये उतरवल्या. पुढे घर बदलताना कॅसेटींचं खोकं हरवलं. कुणाला फारसं वाईट वाटलं नाही, कारण ‘सगळं लॅपटॉपमध्ये आहे’.

म्हणजे आता जगात एकच प्रत उरली होती, पंधरा वर्षांच्या जुन्या यंत्रात. गाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आता नाहीत.

पोचल्यावर मी पहिल्यांदा लॅपटॉपची बॅटरी तपासली. चार्जरची पिन काढली आणि मोबाइलवर वेळ लावली. सातव्या मिनिटाला स्क्रीन काळी. मग पुन्हा चार्जर लावून माझी हार्ड डिस्क जोडली. तिचा निळा दिवा लागला, आतून ‘टक्... टक्... टक्’ असा आवाज आला आणि दिवा विझला. स्क्रीनवर काहीच आलं नाही.

“बिघडली का गं?” आत्याने विचारलं.

“नाही आत्या. पोट भरत नाहीये तिचं.”

त्या अडीच दिवसांत जे समजलं, शोधलं आणि आठवलं, ते इथे लिहिते आहे. ही एका भोकाची आणि एका डबीची गोष्ट आहे. भोक म्हणजे यूएसबी पोर्ट, डबी म्हणजे बॅटरी. लॅपटॉप जुना होतो म्हणजे नेमकं काय होतं, याचं उत्तर या दोन ठिकाणी अगदी वेगवेगळं मिळतं.

मागच्या बाजूची जत्रा

ज्यांनी पहिला कॉम्प्युटर २००५ नंतर पाहिला, त्यांना यूएसबीच्या आधीचं जग समजावणं अवघड आहे. तेव्हाच्या डेस्कटॉपच्या मागे वेगवेगळ्या आकाराची भोकं असत. कीबोर्डचं गोल, माउसचं वेगळं, प्रिंटरचं लांबट आणि २५ पिनांचं, मोडेमचं आणखी वेगळं. बाहेरची डिस्क जोडायची तर ‘स्कझी’ नावाची जोडणी लागे. तीत प्रत्येक उपकरणाला हाताने क्रमांक द्यावा लागे आणि साखळीच्या शेवटच्या टोकाला ‘टर्मिनेटर’ नावाचं बूच बसवावं लागे. क्रमांक दोघांचा एक झाला की दोन्ही उपकरणं रुसत. जोडल्यावर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचा, ते वेगळंच.

या कटकटीवर एकच उपाय शोधावा म्हणून १९९४ पासून सात कंपन्या एकत्र बसल्या. त्यांत इंटेल, कॉम्पॅक, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट होत्या. इंटेलमध्ये या कामात पुढे होते अजय भट्ट. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले, म्हणजे गायकवाडांच्या बडोद्यातले इंजिनिअर. घरातल्या माणसांना साधा प्रिंटर वापरताना होणारी फजिती पाहून आपल्या डोक्यात हा विषय शिरला, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. २००९ मध्ये इंटेलच्या एका टीव्ही जाहिरातीत त्यांना रॉकस्टारसारखं मिरवलं होतं. त्या जाहिरातीत दिसणारा माणूस मात्र नट आहे.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती जाहीर झाली. वेग सेकंदाला जास्तीत जास्त १२ मेगाबिट. चार तारा होत्या. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. महत्त्वाचं म्हणजे ते वापरायला कुणी स्वामित्वशुल्क मागणार नव्हतं.

यूएसबीची पिन पहिल्या झटक्यात कधीच बसत नाही, उलटी करूनही बसत नाही, पुन्हा सुलटी केल्यावर बसते, हा विनोद आपण सगळ्यांनी पाहिला आहे. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करता आली असती, पण तिला जास्त तारा आणि जास्त सर्किट लागलं असतं, खर्च वाढला असता आणि नवं तंत्रज्ञान स्वस्त नसेल तर ते कुणी घेणार नव्हतं, असं भट्ट यांनी नंतर सांगितलं. म्हणजे आपली ती रोजची चिडचिड हा एका कंजूष पण शहाण्या निर्णयाचा परिणाम आहे.

सुरुवात काही दणक्यात झाली नाही. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या एका प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या शेजारी उभं राहून त्यांचा सहकारी ‘विंडोज ९८’ दाखवत होता. आता मी स्कॅनर नुसता जोडतो, बघा, असं म्हणून त्याने यूएसबीची वायर लावली आणि भर सभेत मोठ्या पडद्यावर निळी स्क्रीन आली. सभागृहात हशा पिकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपलचा पहिला आयमॅक बाजारात आला. त्यात फ्लॉपीही नव्हती आणि जुनी भोकंही नव्हती, फक्त यूएसबी. प्रिंटर आणि कीबोर्ड बनवणाऱ्यांना आता यूएसबीकडे वळण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. २००० मध्ये पहिले पेन ड्राइव्ह विकायला आले. आयबीएमने विकलेल्या पेन ड्राइव्हमध्ये ८ एमबी मावत होते. आज व्हॉट्सॲपवर आलेला लग्नाचा एक व्हिडिओ त्यात बसणार नाही.

त्याच २००० साली यूएसबी २.० आलं, सेकंदाला ४८० मेगाबिटचं. आत्याच्या लॅपटॉपला हेच आहे. २००८ मध्ये यूएसबी ३.० आलं, ५ गिगाबिटचं. माझी हार्ड डिस्क या जातीची. दोघींच्या वयात एक पिढीचं अंतर, तरी पिन बसली, ही गोष्ट मी तेव्हा गृहीतच धरली होती.

पण ते आपोआप घडलेलं नाही. नवी पिन आखताना जुन्या चार पट्ट्या होत्या तिथेच ठेवल्या आणि नव्या पाच पट्ट्या वेगळ्या रांगेत बसवल्या. नव्या पोर्टमध्ये नऊच्या नऊ पट्ट्या टेकतात, जुन्या पोर्टमध्ये फक्त जुन्या चार. त्या चार पट्ट्यांवर दोघी जुन्या भाषेत, जुन्या वेगाने बोलतात. भाकरी शिकणाऱ्या सुनेशी सासूने हळू बोलावं, तसं. हा समितीतल्या माणसांनी आधीच्या पिढीशी केलेला करार आहे, आणि तो पंधरा-वीस वर्षं पाळला गेला म्हणून आत्याचा लॅपटॉप आज एकटा पडलेला नाही.

पाचशे मिलिअँपिअर

मग ती टक्टक् कसली?

त्याच करारात विजेचाही मुद्दा होता. यूएसबी २.० चं पोर्ट ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देईल, म्हणजे अडीच वॉट. तेही एकदम नाही. उपकरणाने आधी १०० मिलिअँपिअरमध्ये भागवायचं, आपली ओळख सांगायची, जास्त मागायचे आणि परवानगी मिळाली की घ्यायचे. यूएसबी ३.० मध्ये ही मर्यादा ९०० झाली. माहितीच्या बाबतीत नवी डिस्क जुन्या पोर्टशी जुळवून घेते. पण पोट तिचं नवं आहे, आणि पोट करार वाचत नाही.

फिरत्या तबकडीच्या डिस्कला सगळ्यात जास्त वीज लागते ती सुरुवातीला. तबकडी थांबलेली असते, तिला मिनिटाला पाच हजारांहून जास्त फेऱ्यांपर्यंत न्यायचं असतं. जातं ओढायला सुरुवात करताना जसा जोर लागतो आणि एकदा फिरायला लागलं की हलकं वाटतं, तसंच. जुनं पोर्ट तेवढा पहिला जोर देऊ शकत नव्हतं. डिस्क उठायचा प्रयत्न करत होती आणि बसत होती. ती टक्टक् त्याची.

पेन ड्राइव्ह आणला असता तर ही अडचण आली नसती, त्यात फिरणारं काही नसतं. पण मला हे रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं कपाटात ठेवायचं होतं, आणि तशा ठेवणीसाठी पेन ड्राइव्हपेक्षा मला तबकडीच जास्त भरवशाची वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस स्टँडजवळच्या रिपेअरवाल्याकडे गेले. त्याने लक्षणं ऐकली, काही न बोलता खालचा ड्रॉवर उपसला आणि दोन तोंडांची वायर काढून दिली. एका टोकाला माझ्या डिस्कला बसणारी रुंद पिन, दुसऱ्या टोकाला दोन यूएसबी पिना. एकीतून माहिती आणि वीज, दुसरीतून फक्त वीज. यूएसबीच्या नियमांत अशा वायरीला मान्यता नाही. तरी बरीच वर्षं जगभर छोट्या डिस्कबरोबर ती मिळत होती. लॅपटॉपच्या एकाच बाजूची दोन्ही पोर्टं तिने अडवली, डिस्क घरघरली आणि फिरू लागली. टेबलावर ठेवायच्या मोठ्या डिस्कना हा उपाय चालत नाही. त्यांना १२ व्होल्ट लागतात, म्हणून त्यांचा स्वतःचा ॲडाप्टर असतो.

“फॉरमॅट करायचं का?”

डिस्क फिरली आणि स्क्रीनवर एक चौकट आली. ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता फॉरमॅट करायची का?

आत्या माउसकडे हात नेत म्हणाली, “हो म्हणू का?”

“थांब!” मी ओरडलेच.

डिस्कवर माझे सहा वर्षांचे फोटो होते. त्या प्रश्नाचा खरा अर्थ ‘इथे काही लिहिलंय, पण मला ती लिपी वाचता येत नाही’ असा असतो. प्रश्न विचारला जातो तो असा की घाईतला माणूस हो म्हणेल. जुन्या कॉम्प्युटरला नवी डिस्क लावणाऱ्या प्रत्येकाने एवढं एक लक्षात ठेवावं. ही चौकट आली की आधी ‘नाही’.

कारण पुन्हा करारातलंच. डिस्कवर माहिती कशी मांडायची याच्या पद्धती असतात. जुनी ‘फॅट ३२’ १९९६ ची. ती जवळजवळ सगळ्यांना वाचता येते, पण तीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. तेव्हा एवढी मोठी फाइल कोण बनवणार, असं वाटलं असावं. २००६ मध्ये ‘एक्सफॅट’ आली, माझी डिस्क तीत होती. आत्याच्या लॅपटॉपवर आहे २००१ ची विंडोज एक्सपी. एक्सपीला एक्सफॅट शिकवणारी पुरवणी २००९ मध्ये निघाली होती, पण आत्याच्या लॅपटॉपला इंटरनेट असं कधी लागलंच नव्हतं. आणखी एक भिंत आहे. जुन्या मांडणीत डिस्कच्या तुकड्यांचे क्रमांक ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे साधारण दोन टीबीच्या पलीकडे मोजताच येत नाही. माझी डिस्क एक टीबीची होती, तेवढं एक नशीब.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर फोटो काढून ठेवले, डिस्क ‘एनटीएफएस’मध्ये फॉरमॅट केली आणि परत आत्याच्या लॅपटॉपला लावली. या वेळी ती दिसली.

आता हिशेब. एका तासाच्या कॅसेटीची न दाबलेली आवाजाची फाइल साधारण ६३५ एमबी. १९५६ मध्ये आयबीएमने जगातली पहिली हार्ड डिस्क असलेलं यंत्र काढलं, ‘रॅमॅक’. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि मावत होती सुमारे ५ एमबी माहिती. एका बाईची एक कॅसेट ठेवायला अशी सव्वाशे यंत्रं लागली असती. आमच्या ६२ कॅसेटी म्हणजे ३९ जीबी. लॅपटॉप सेकंदाला २० एमबी वेग देत होता. ३३ मिनिटं. पहिल्या यूएसबीने हेच काम करायला अकरा तास घेतले असते.

३३ मिनिटं म्हणजे काही फार नाही. पण वळवाचे दिवस होते. रोज दुपारनंतर ढग यायचे आणि लाइट जायची, कधी दोनदा, कधी चारदा. आत्याकडे इन्व्हर्टर नाही. आणि बॅटरी सात मिनिटांची.

“पूर्ण उतरू दे, मग लाव”

“माझंच चुकलं असेल काहीतरी,” आत्या म्हणाली. “पण मी फार जपली गं ती बॅटरी. दुकानदाराने सांगितलं होतं, पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. तीन-चार वर्षं मी तसंच केलं. मग कंटाळले आणि कायमची लावूनच ठेवली.”

तिने दोन्ही केलं होतं, आणि दोन्ही बॅटरीला घातक. पण यात तिची चूक किती?

पूर्ण उतरवण्याचा सल्ला आला कुठून, ते पाहायला १८९९ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने निकेल-कॅडमियम बॅटरी बनवली. सुरुवातीच्या काखोटीला मारता येणाऱ्या कॉम्प्युटरांत हीच असे. १९८१ चा एप्सनचा एचएक्स-२० किंवा १९९१ ची ॲपलची काही पॉवरबुक घ्या. काहींनी तर गाडीसारखी शिशाची बॅटरी घातली. १९८९ चा मॅकिंटॉश पोर्टेबल सात किलोंचा होता, आणि त्याच्या पहिल्या मॉडेलची बॅटरी मेली की चार्जर लावूनही यंत्र चालू होत नसे. निकेल-कॅडमियमला एक खोड होती. ती रोज ठरावीक पातळीपर्यंतच उतरवली आणि पुन्हा भरली, की पुढे त्या पातळीच्या खाली ती नीट वीज देईनाशी होई. ही ‘मेमरी’ पहिल्यांदा उपग्रहांतल्या बॅटऱ्यांत ध्यानात आली, कारण तिथे पृथ्वीच्या सावलीत जाण्या-येण्याचं चक्र काटेकोर सारखं असतं. उपाय म्हणजे अधूनमधून पूर्ण उतरवणं. त्या बॅटरीसाठी सल्ला बरोबरच होता.

मग बॅटरी बदलली, सल्ला तसाच राहिला.

लिथियम-आयनची गोष्ट तेलापासून सुरू होते. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले, तेव्हा एक्सॉन या तेलकंपनीतच स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमची भरता येणारी बॅटरी बनवली. पण तीत लिथियम धातू होता आणि तो पेट घेई. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइड वापरून व्होल्टेज चारपर्यंत नेलं. १९८५ मध्ये जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी धातूऐवजी कार्बन वापरला. आता लिथियम फक्त आयनांच्या रूपात इकडून तिकडे जाणार, धातू म्हणून साचणार नाही. ही बॅटरी सुरक्षित आहे हे पाहायला योशिनोंनी तिच्यावर लोखंडाचं वजन टाकलं. ती पेटली नाही. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली, व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. २०१९ मध्ये तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळालेला दुसरा माणूस नाही.

धोका मात्र पूर्ण गेला नव्हता. २००६ मध्ये डेलने लॅपटॉपच्या तब्बल ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. सोनीने बनवलेल्या सेलमध्ये धातूचे बारीक कण राहिले होते आणि काही लॅपटॉप पेटले होते.

या बॅटरीला ‘मेमरी’ची खोड नाही. तिला वेगळाच रोग आहे. तिचा क्षय ती कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून सुरू होतो, वापरा किंवा कपाटात ठेवा. आत कार्बनवर एक पातळ थर जमतो. तो हवाही असतो, कारण तो पुढची झीज रोखतो. पण तो हळूहळू वाढत राहतो आणि वाढताना कामाचं लिथियम गिळतो. दोन गोष्टींनी तो भराभर वाढतो, उष्णतेने आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहिल्याने. आणि दर वेळी तळाला नेऊन पुन्हा काठोकाठ भरण्याने झीज आणखी वाढते. माणमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. आत्याचा लॅपटॉप पश्चिमेच्या खिडकीखाली, कायम चार्जरला, शंभर टक्के भरलेला. आधीची वर्षं रोज तळापर्यंत उतरवलेला. सगळं अगदी मन लावून केलेलं.

तिच्या बॅटरीत सहा सेल आहेत. दिसायला टॉर्चच्या सेलसारखे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. सोबत एक छोटी चिप. नव्वदच्या दशकात इंटेल आणि ड्युरासेलने ‘शहाण्या बॅटरी’ची पद्धत बसवली, तेव्हापासून बॅटरी आपण किती उरलो हे स्वतः मोजून कॉम्प्युटरला सांगते. हे मोजणं अंदाजाचं असतं, आणि अंदाज वर्षांगणिक बिघडतो. म्हणून कधीतरी, चार-सहा महिन्यांतून एकदा, बॅटरी पूर्ण भरून पूर्ण उतरवली तर अंदाज पुन्हा जुळतो. जुन्या सल्ल्यात उरलेलं सत्य एवढंच. पण त्याने मोजमाप सुधारतं, बॅटरीचं आयुष्य नाही.

तुमच्या हातातल्या फोनमध्येही याच घराण्याची बॅटरी आहे. रात्रभर ऐंशी टक्क्यांवर थांबून पहाटे पुढे जाणारं चार्जिंग किंवा ‘८० टक्क्यांची मर्यादा’ ही सोय त्यासाठीच असते. वीस ते ऐंशीच्या दरम्यान ठेवा, उन्हात आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, बरेच दिवस वापरणार नसाल तर अर्धी भरून ठेवा. एवढंच पथ्य, आणि त्याने क्षय थांबत नाही, लांबतो.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे मी दुसऱ्याच कुणाचं पथ्य पाळत होते.”

मूठमूठ

लाइट गेली तर नेमकं काय होईल? मूळ फाइली कॉपी करताना पुसल्या जात नाहीत, तेवढं खरं. पण भीती लॅपटॉपच्या आतल्या पंधरा वर्षांच्या डिस्कची होती. अचानक वीज तुटली की डिस्क आपल्या फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीतूनच थोडी वीज काढते आणि वाचणारी सुई घाईने बाजूला नेऊन ठेवते. सुंदर युक्ती आहे, पण ही पळापळ तिला झिजवते. आणि बाहेरच्या डिस्कवर अर्धवट लिहिलेलं राहिलं तर तिथला हिशेब बिघडतो. लॅपटॉप उघडून आतली डिस्क काढायची आणि डबीत घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची, हाही मार्ग होता. तो आम्ही शेवटचा म्हणून ठेवला. पहिल्याच प्रयत्नात एकुलत्या प्रतीवर पाना चालवायचा नव्हता.

सात मिनिटं ही बाहेरची डिस्क नसताना. ती जोडली की तिची वीजही त्याच थकलेल्या बॅटरीतून जाणार. म्हणून मी ठरवलं, एका वेळी पाचच कॅसेटी. तीन मिनिटांच्या आत काम होतं. लाइट गेलीच तर चालू खेप पुरी करून, ‘सेफली रिमूव्ह’ करून, लॅपटॉप नीट बंद करण्याएवढा वेळ उरतो. ६२ कॅसेटींच्या तेरा खेपा.

“जात्यात पायली एकदम ओतत नाहीत,” आत्या म्हणाली. “मूठमूठ वैरतात.”

क्रम तिने लावला. मी म्हटलं होतं, क्रमांकानेच घेऊ. तिने वही मागवली आणि आधी त्या बायकांच्या कॅसेटी सांगितल्या ज्या आता हयात नाहीत. मग ज्या गाव सोडून गेल्या त्यांच्या. तिच्या स्वतःच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची कॅसेट तिने शेवटच्या खेपेत ठेवली. “तिच्या मला पाठ आहेत,” म्हणाली.

दुपारी सुरुवात केली. चौथ्या खेपेला लाइट गेली. पंखा थांबला, लॅपटॉपचा उजेड मंद झाला आणि आम्ही दोघी त्या हिरव्या पट्टीकडे बघत बसलो. बॅटरी म्हणत होती, बारा मिनिटं उरली. मला माहीत होतं, ती खोटं बोलते आहे. खेप संपली, डिस्क काढली, लॅपटॉप बंद केला. रात्री पुन्हा बसलो. नवव्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी तेरावी खेप उतरली. मग मी प्रत्येक फाइलचा आकार मूळ फाइलशी ताडून पाहिला, आणि माझ्या लॅपटॉपवरून एका पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत काढली. ती आता पुण्यात माझ्याकडे आहे, डिस्क आत्याकडे. एका घरात दोन प्रती ठेवणं म्हणजे एकच प्रत.

आत्याने टाइप केलेल्या ओव्यांच्या फाइली माझ्या लॅपटॉपवर उघडल्या तेव्हा नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली. त्या जुन्या, युनिकोडच्या पद्धतीत न बसणाऱ्या फॉन्टमध्ये होत्या. देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण आपल्याकडचं टायपिंग पुढची कित्येक वर्षं त्याच्या बाहेरच चाललं. तो करार आपण उशिरा स्वीकारला. फाइली रूपांतरित करणारी साधनं आहेत. जोडाक्षरं मात्र ओळीने तपासावी लागत आहेत. ते काम अजून चालू आहे.

डबीचं काय करायचं

आत्याच्या लॅपटॉपची बॅटरी खालचे दोन खटके सरकवले की निघते. नंतरच्या सडपातळ लॅपटॉपांत ती आत चिकटवून टाकली, आणि बॅटरी मेली की यंत्रच मेलं असं आपण मानू लागलो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला आहे. फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांची बॅटरी, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. भारतात २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, फोडायची नाही, आणि फुगलेली दिसली तर पुन्हा चार्जिंगलाही लावायची नाही.

नवी घ्यावी का, असं आत्याने विचारलं. मी म्हटलं, बनल्याची तारीख बघून घेऊ. दहा वर्षं गोदामात पडलेली ‘नवी’ बॅटरी नवी नसते.

निघायच्या आदल्या रात्री पहिल्या खेपेतली पहिली फाइल मी आत्याच्या मोबाइलवर टाकली. तिने इअरफोन लावले, मग एक काढून माझ्याकडे दिला. सुरुवातीला जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज. मग एक बाई गाणं सुरू करायच्या आधी विचारते, “चालू हाय का गं ते?”

टेपमधली तरुण आत्या म्हणते, “चालू आहे, म्हणा.”